पाटीवरचा पाचवा नियम

एखाद्या वस्तीवर नाटक लिहिलं गेलं की त्या वस्तीचं भलं होतं, हे सर्वमान्य सत्य आहे. भलं झालेली वस्ती ओळखायची कशी, याबद्दल मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत. काही म्हणतात, तिथे झाडांना दिवे गुंडाळलेले असतात. काही म्हणतात, तिथे कॉफी मागितली की दूध कशाचं हवं असं विचारतात. तिसरं मत असं, की ज्यांच्यावर नाटक लिहिलं त्यांना वस्तीत शोधायला जावं आणि कुणी सापडलं नाही तर भलं झालं असं समजावं. (हे मत फक्त बसथांब्यावर ऐकू येतं, त्याला लेखी आधार नाही.)

शिकागोच्या साउथ साइड या काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीतल्या केनार्ड स्ट्रीटला ही तिसरी कसोटी लावता येत नाही, कारण मिस लुवेनिया ट्रॉटर अजून तिथेच राहतात. (लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही इथे आदराने मिसच म्हणतात.) वय चौऱ्याहत्तर, टपालखात्यातून निवृत्त, करड्या दगडाचं दुमजली घर, समोर सात पायऱ्या. गल्लीच्या टोकाला चर्च आहे. त्याच्या तळघरात दर बुधवारी साडेसहाला गायकवृंदाची तालीम असते आणि मिस लुवेनिया तिथे एकोणपन्नास वर्षं गात आल्या आहेत. नवरा गेला त्या आठवड्यातही त्यांनी बुधवार चुकवला नव्हता. "रविवारी मी देवासाठी गाते," त्या सांगत, "बुधवारचं गाणं माझं स्वतःचं."

अशा गल्लीत तीन वर्षांपूर्वी डेस्मंड फेअरली हा नाटककार राहायला आला. तोही काळाच, वडील दातांचे डॉक्टर, बालपण अशा उपनगरात गेलेलं की जिथे गवतसुद्धा रांगेत उगवतं. आपल्या लोकांच्या मुळांकडे परत यायचं त्याच्या मनात होतं. त्याची स्वतःची मुळं या गल्लीत नव्हती, पण इथली मुळं चांगली जुनी होती आणि घरांचे भाव तेव्हा बरे होते. त्याने मिस लुवेनियांच्या पायऱ्यांवर बसून तीन दुपारी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. त्या काळात त्याने पीच कॉब्लर या भाजलेल्या गोड पदार्थाच्या तीन बशा संपवल्या आणि मोबदला म्हणून नाटकाचे दोन फुकट पास व एक कापडी पिशवी दिली. पिशवीवर नाटकाचं नाव छापलं होतं: ऐकून घ्या.

नाटकाचा विषय काळ्या माणसांमधली वर्गदरी. पर्ल काकू नावाची म्हातारी आपल्या पायऱ्यांवर बसून गाते; शेजारी नव्याने आलेली सुखवस्तू वकीलबाई तिच्या गाण्याची तक्रार करते; तिसऱ्या अंकात पर्ल काकू अंधारात एकटी गाते आणि प्रेक्षक रडतात. दरी दिसावी म्हणून दिग्दर्शकाने रंगमंचाच्या मधोमध चार फूट रुंदीचा खड्डा ठेवला होता. दुसऱ्याच प्रयोगात वकीलबाईचं काम करणारी नटी त्यात पडली, तेव्हा विमा कंपनीच्या सूचनेवरून त्यावर फळ्या टाकण्यात आल्या. वर्गदरी बुजवण्यात या शहरात आजवर मिळालेलं हे एकमेव यश आहे.

नाटकाला अस्सलपणा यावा म्हणून डेस्मंडला गल्लीतली एखादी जुनी वस्तू हवी होती. मिस लुवेनियांना आठवलं की मागच्या शेडमध्ये गल्ली मंडळाची पाटी पडली आहे. साउथ साइडला गल्लीगल्लीत अशी मंडळं आणि अशा पाट्या असतात. या पाटीवर १९८६ साली, मिस लुवेनिया मंडळाच्या अध्यक्ष असताना, पुढील मजकूर रंगवण्यात आला होता:

केनार्ड स्ट्रीटवर आपलं स्वागत आहे.
१. चेंडू खेळू नये.
२. रस्त्यावर गाडी धुऊ नये, दुरुस्तही करू नये.
३. गवतावरून चालू नये.
४. घोळक्याने उभं राहू नये.
५. संध्याकाळी सहानंतर गाणं-बजावणं करू नये.

(स्वागत झाल्यावर पाहुण्याने नेमकं काय करावं, हे पाटीवर नव्हतं.)

मिस लुवेनियांनी पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि हौसेने देऊन टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा त्यांना फार अभिमान वाटला.

पहिल्या प्रयोगाला त्या शेजारच्या भाडेकरू मैत्रिणीला, अर्लीनला, घेऊन गेल्या. दोघी चर्चच्या तालमीत वाढलेल्या, समोर कुणी खरं बोललं की "हं!" म्हणायचं आणि खोटं बोललं की तिथल्या तिथे सांगायचं, हा त्यांचा धर्म. वकीलबाई रंगमंचावर आली तशी अर्लीन मोठ्याने म्हणाली, "बघ गं, आली भवानी! चालते कशी बघ!" पर्ल काकू तिला गोड बोलायला लागली तेव्हा मिस लुवेनियांना राहवेना. "अगं, तिला घरात घेऊ नकोस! ऐकतेस का? दार लाव आधी!"

मध्यंतरात अकरा प्रेक्षकांनी लेखी तक्रार केली, की ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही अशा लोकांवरचं हे नाटक त्यांना काही लोकांमुळे नीट ऐकू येत नाही.

नाट्यगृह गल्लीतच होतं, त्याने प्रकरण गांभीर्याने घेतलं. गल्लीचं मन दुखवायचं नव्हतं आणि वर्गणीदारांचंही नाही. समिती नेमली, समितीने चार बैठका घेतल्या (फराळासह) आणि प्रतिसाद धोरण जाहीर केलं. त्यानुसार, मोठ्याने प्रतिसाद देणं ही इथली समृद्ध परंपरा असून तिचं मनापासून स्वागत आहे. ती चौदा ठिकाणी पाळता येईल. ती ठिकाणं कार्यक्रमपत्रिकेत छोट्या घंटेच्या चित्राने दाखवलेली आहेत. "हं" आठ वेळा, "बोला, बोला" पाच वेळा आणि "खरं आहे" एकदा, शेवटी. नवख्या प्रेक्षकांसाठी प्रयोगाआधी वीस मिनिटांची तालीम ठेवण्यात आली.

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला झाला. पूर्वी केनार्ड स्ट्रीटवर चार शब्दही मोठ्याने न बोलणारे लोक महिन्याभरात असं "हं" म्हणू लागले, की अर्लीन म्हणाली, "बाई गं, यांना तर आपल्यापेक्षा बरं जमतं. आपण आपलं वाटेल तिथे म्हणतो." पाहणीत ९३ टक्के प्रेक्षकांनी आपण खोलवर अस्वस्थ झाल्याचं सांगितलं. उरलेल्या सात टक्क्यांना गाडी लावायला जागा मिळाली नव्हती.

या अस्वस्थांमध्ये कॅमिल ऱ्होड्स अग्रेसर होत्या. त्या चर्चच्या शेजारच्या नव्या घरात राहत, काळ्याच होत्या आणि व्यवसायाने वकील. त्यांनी नाटक चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा त्या रडल्या. नाटकातल्या वकीलबाईशी आपलं काही साम्य आहे असं त्यांना वाटलं नाही, कारण ती निळा कोट घालत असे. पण चार वेळा दोन-दोन तास समोर लख्ख उजेडात एक पाटी टांगलेली असली, की माणूस ती वाचतोच. पाचव्या नियमाशी त्यांची नजर अडखळली. त्यांचं आठ महिन्यांचं बाळ साडेसहाला झोपत असे. म्हणजे बुधवार सोडून झोपत असे.

बाळ झोपत नसलेल्या आईची दया कुणालाही यावी. मिस लुवेनियांनाही आली असती, जर कुणी त्यांच्याकडे येऊन तसं सांगितलं असतं. पण कॅमिलबाई सुशिक्षित होत्या. त्यांनी बंद पडलेलं गल्ली मंडळ नियमानुसार पुन्हा सुरू केलं, मिस लुवेनियांना तहहयात मानद अध्यक्ष केलं (फुलांचा गुच्छ आला) आणि पहिल्याच सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय घेतला: पाचव्या नियमाची अंमलबजावणी. चर्चचे नवे पाद्री सगळ्यांशी गोड राहणारे होते. मंडळ ठरवेल ते आपल्याला मान्य, असं त्यांनी आधीच कळवून टाकलं.

गायकवृंदातली माणसं सहाला कामावरून सुटतात. सहानंतर गाणं नाही म्हणजे तालीम नाही, आणि तालीम नाही म्हणजे वृंद नाही. मिस लुवेनियांनी तीन दिवस जेवण धड घेतलं नाही.

"अगं, पण तो नियम आपल्यासाठी नव्हताच मुळी!" त्या अर्लीनला म्हणाल्या. "तो त्या कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या पोरांसाठी होता. ती रेडिओ घेऊन बसायची ना, त्यांच्यासाठी."

"पाटीवर तसं लिहिलंय का?" अर्लीनने विचारलं.

"लिहायला कशाला हवं? सगळ्यांना ठाऊक होतं."

सभा शनिवारी दुपारी नाट्यगृहातच भरली, कारण गल्लीत एवढ्या खुर्च्या दुसरीकडे नव्हत्या. पाटी तिच्या जागी टांगलेली होती. सभा सुरू होताना कॅमिलबाईंनी मंडळाची १९८६ ची घटना वाचून दाखवली. मत फक्त घरमालकांना. भाडेकरूंनी उपस्थित राहावं, मत देऊ नये. म्हणजे अर्लीनला मत नव्हतं. वृंदाचा ऑर्गनवादक रॉडरिक बीम, वय त्रेपन्न, सिटी बसचा ड्रायव्हर, रेल्वेपुलापलीकडे भाड्याने राहणारा, त्यालाही नव्हतं. घटनेखाली सही होती: लुवेनिया ट्रॉटर.

मग मिस लुवेनिया रंगमंचावर उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. बुधवारी दिवसभराचं ओझं उतरवायला कोण कोण त्या तळघरात येतं, ते त्यांनी सांगितलं. इस्पितळात फरशा पुसणारी बाई, दोन मुलं गमावलेला न्हावी. नवऱ्याला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी आपण स्वतः तिथे गेलो आणि पहिल्या ओळीला आवाज फुटला नाही तेव्हा उरलेल्या अठरा जणांनी ती ओळ आपल्यासाठी धरून ठेवली, हेही सांगितलं. "मी उभी राहिले ती त्या ओळीच्या आधारानं," त्या म्हणाल्या. "ती माझ्याकडून काढून घेऊ नका हो."

"हं," सभागृह म्हणालं. सगळ्यांनी एकदम, अगदी जागेवर. "बोला, मिस लुवेनिया, बोला!" पाचव्या रांगेतून आवाज आला. शेवटी "खरं आहे" म्हणत सगळे उभे राहिले आणि टाळ्या दोन मिनिटं थांबल्या नाहीत. कॅमिलबाईंचे डोळे वाहत होते. डेस्मंड वहीत काहीतरी लिहून घेत होता.

मग मतदान झालं. पाचव्या नियमाच्या बाजूने एकोणतीस, विरुद्ध तीन.

"आम्ही तुमचं अगदी मनापासून ऐकून घेतलं, मिस लुवेनिया," कॅमिलबाई त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "मी आज रात्री झोपू शकणार नाही. पण नियम तुमचाच आहे ना. तुमचा वारसा मोडणारे आम्ही कोण?"

आणि त्यांनी मिस लुवेनियांच्या हातात केकची बशी दिली.

मिस लुवेनिया बशी घेऊन खुर्चीत बसल्या. शेजारी रॉडरिक येऊन बसला.

"कॅरामल आहे का?" त्याने विचारलं.

"काय?"

"केक. मला दिला होतात तो कॅरामल होता. शहाऐंशी साली. मी पंधरा वर्षांचा होतो, रेडिओ काखेत घेऊन तुमच्या सभेत उभा राहिलो होतो. घरी बाप दारू पिऊन असतो, संध्याकाळी जायला दुसरी जागा नाही, असं सांगितलं. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. सगळं ऐकून घेतलंत. 'हं, बाळा, बोल' म्हणालात. डोळेसुद्धा पुसलेत." तो हसला. "मग नियमाच्या बाजूने हात वर केलात, आणि मला केक दिलात. चांगला होता, खोटं कशाला बोलू."

मिस लुवेनियांना ती संध्याकाळ आठवली. केकही आठवला, त्या दिवशी साखर किंचित जास्त करपली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं चुकलं रे, रॉडरिक," त्या म्हणाल्या. "वरातीमागून घोडं आणतेय मी. पण चुकलं."

"अडतीस वर्षांनी का होईना, सुरात आलात," रॉडरिक म्हणाला आणि केकचा अर्धा तुकडा उचलून तोंडात टाकला. "या बुधवारी आमच्या इमारतीत या. तळमजल्यावर कपडे धुवायची खोली आहे. सात मशीनं आहेत, पण पाटी नाही."

बुधवारी साडेसहाला वृंद मशीनांमध्ये दाटीवाटीने उभा राहिला. दुसरं गाणं सुरू झालं तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची एक बाई झोपेतून उठलेली, डोक्याला रुमाल बांधलेली, खाली आली. "काय लावलंय हे? मी रातपाळी करते. मेल्यांनो, झोपू द्याल की नाही?"

सगळे मिस लुवेनियांकडे बघू लागले.

"किती वाजता उठतेस, बाई?" त्यांनी विचारलं.

"सातला."

"मग सातला गाऊ आम्ही. तोवर इथे बसतो, गप्पा मारतो हळू आवाजात. उठलीस की खाली ये. वरच्या पट्टीतला आवाज आहे का तुझा?"

एवढंच. केनार्ड स्ट्रीटवर असा तोडगा निघू शकला नाही, कारण बाळ किती वाजता गाढ झोपतं हा प्रश्न विषयपत्रिकेत नव्हता. नाटकाचे प्रयोग मात्र जोरात आहेत. डेस्मंडने चौथा अंक लिहिला आहे, त्यात पर्ल काकू सभेत भाषण करते. तिथे घंटेची दोन चित्रं वाढली आहेत.

आपणही ही हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतलीत, त्याबद्दल आभार. मिस लुवेनियांच्या भाषणाला आपण मनातल्या मनात "हं" म्हणालात, ते योग्य जागी पडलं. वाचायला बसताना खालच्या रस्त्यावर कुणीतरी काहीतरी वाजवत होतं म्हणून आपण खिडकी लावून घेतली होती. आता उघडायला हरकत नाही. (सहा वाजून गेले असतील तर राहू द्या.)