धुळ्याला अटकणारी बस

वसंतनानांना आमच्या कॉलनीत कुणी लग्नाचा व्हिडिओ दाखवत नाही. आम्ही एकदा दाखवला होता. माझ्या भाचीच्या पाठवणीचा प्रसंग चालू होता. टीव्हीसमोर बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते, माझी नणंद तर चक्क हुंदके देत होती. नाना खुर्चीतून उठले, चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, "नवरी अटकून राहिली."

"हो ना हो नाना," नणंद नाक पुसत म्हणाली, "पायच निघत नव्हता पोरीचा."

"तसं नाही म्हणत मी. गाडीकडे जाताना मध्ये फ्रेमा गळाल्या. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. नानांचं बरोबर होतं. तेव्हापासून त्या व्हिडिओत मला भाचीचं रडणं दिसत नाही, तिचे ते मध्येच अटकलेले पाय तेवढे दिसतात. असा हा माणूस. चांगल्या चाललेल्या गोष्टीत बोट घालून दाखवणार, आणि मग ते बोट आपल्याला आयुष्यभर दिसत राहणार.

नाना आमचे सख्खे शेजारी. मधली भिंत एकच. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तोवर त्यांना कॉम्प्युटर म्हणजे साहेबाच्या टेबलावरची वस्तू एवढंच माहीत होतं. त्यांची मुलगी बंगळुरूला नोकरीला गेली आणि जाताना आपला गेम खेळायचा पीसी इथेच, जळगावला ठेवून गेली. नानांनी त्याला आधी हात लावला नाही. मग लावला, तो काढलाच नाही. शिकले ते पोरासोरांचे हिंदी व्हिडिओ बघून. त्यामुळे सत्तरी गाठलेला हा माणूस खिशाच्या बनियनवर अंगणात उभा राहून सल्ला द्यायचा, तर सुरुवात "तो भाई लोग" अशी करतो. तुळशीला पाणी घालणाऱ्या माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा तसं ऐकू आलं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, आणखी कोण आलंय म्हणून.

नाना गेम जिंकण्यासाठी खेळत नाहीत. त्यांना चित्र सारखं सरकायला हवं, मध्ये कुठे ठेचकाळता कामा नये, एवढीच त्यांची अपेक्षा. एका सेकंदात चित्राच्या किती फ्रेमा पडद्यावर येतात, त्याचा आकडा कोपऱ्यात दिसतो. लोकांना तो आकडा मोठा हवा असतो. नानांना तो स्थिर हवा असतो. "साठ नको, तीस चालतील. कमी चालेल, पण सारखं पाहिजे." हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी सगळीकडे लावलं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले मोठ्या गप्पा मारणारे गृहस्थ त्यांच्या हिशोबी "साठ दाखवतात, मधूनमधून शून्य." आमचे हे आणि मी एकदा भांडलो, तर भिंतीपलीकडून सगळं ऐकलेले नाना सकाळी येऊन सांगून गेले, "ताई, तुम्ही दोघं महिनाभर एकशेवीसनं गोड बोलता, आणि मग एक दिवस ठप्प. तीसला बांधून घ्या." मला राग आला होता. आमच्या ह्यांना हसू आलं, त्याचा जास्त आला.

पण हे सगळं चाललं होतं ते अक्कांसाठी, हे सांगितलं पाहिजे.

कमलअक्का नानांच्या पत्नी. पूर्वी काय बोलायच्या! भाजीवाल्याला थांबवून त्याच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत जायच्या, आणि भाजी घ्यायची राहून जायची. नाना आपले मागे उभे राहून हं हं करायचे. मागच्या पावसाळ्यात अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि शब्द अडायला लागले. कळतं सगळं, बोलायचंही असतं, पण शब्द ओठापाशी येऊन थांबतो आणि तिथेच राहतो. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद सांगितला. म्हणजे शिरपूर बंद. शिरपूर हे अक्कांचं माहेर.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी गेली नाही तर तिच्याइतकंच गावालाही चुकल्यासारखं वाटतं. झोके बांधलेले असतात, आमरस असतो, साठी उलटलेल्या बायकाही तिथे जाऊन पोरी होतात. अक्कांची एकही आखाजी चुकली नव्हती. दर वर्षी भाऊ मुराळी म्हणून न्यायला यायचा, आणि नानाही सोबत जायचे. यंदा भावाचा फोन आला तेव्हा अक्का नुसत्या फोनकडे बघत राहिल्या. नाना म्हणाले, "यंदा मुराळी मीच. मी नेतो हिला."

नेणार कशातून, तर गेममधल्या बसमधून.

त्या पीसीत बस चालवायचा एक गेम आहे. देश कुठला तरी परका, लाल कौलांची घरं, रस्त्यावर एक गाय नाही. अक्कांची खुर्ची शेजारी ओढून नाना चारच्या सुमाराला गाडी काढायचे आणि त्या परक्या रस्त्याला आपली गावं वाटत जायचे. चर्च दिसलं की, "देख कमल, एरंडोल उनं." पवनचक्क्या आल्या की पारोळा. मी एकदा म्हटलं, नाना, पारोळ्याला पवनचक्क्या कुठून आल्या? म्हणाले, "नवीन लावल्या असतील. आपण कुठे गेलो इतक्यात?" अक्कांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं ते मी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पाहिलं.

पारोळ्यानंतर एक मोठं शहर लागायचं. ते धुळे. आणि धुळ्यात शिरलं की बस अटकायची. चित्र थांबे, पुढे उडी मारे, पुन्हा थांबे. अक्का डोळे मिटून घेत आणि डावा हात वर करून हलवत. "चक्कर येती तिला," म्हणून नाना घाईनं गेम बंद करत. त्यामुळे सोनगीर, नरडाणा, तापीचा पूल आणि पुढचं शिरपूर पडद्यावर कधी आलंच नाही. आखाजीच्या आत बस धुळ्यातून न अटकता न्यायची, हा नानांचा पण झाला.

मग त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? पीसीवरचा भार हलका व्हावा म्हणून आधी चित्रातल्या सावल्या काढल्या. मग गवत काढलं. मग झाडांची पानं. एक दिवस बसमधले प्रवासीच काढून टाकले, तर रिकामी बस बघून अक्कांचा चेहरा पडला, म्हणून प्रवासी परत आणले. कुलर पीसीच्या तोंडासमोर लावला, पंखा अक्कांवर, आणि जळगावच्या वैशाखात स्वतः डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसले. चार वाजता आम्ही पाण्याची मोटार लावायची नाही, असा हुकूम आला.

"आमच्या मोटारीचा तुमच्या गेमशी काय संबंध, नाना?"

"संबंध नसला तर तुमचं काय जातं?"

आम्ही मोटार पाचला लावायला लागलो.

बस मात्र अटकायची ती अटकायचीच. नाना वैतागले की अहिराणीत उतरतात. "बठ्ठं करी देखं, ताई. धुयाले हाई कायम शे," म्हणाले. सगळं करून पाहिलं पण धुळ्याला हे कायमचंच, जणू काही तो दोष गेमचा नसून धुळेकरांचा होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी सांजोऱ्या घेऊन गेले. ताट ठेवायला जागा नव्हती म्हणून सहज पीसीच्या कॅबिनेटवर हात टेकला, तर चटका बसला. बघते तर कॅबिनेटच्या डोक्यावर, जिथून गरम हवा बाहेर पडायची त्याच जाळीवर, झेंडूची एक वाळून काळी झालेली माळ.

"नाना, ही माळ कधीची?"

"दसऱ्याची."

"अहो, वैशाख चालू आहे!"

"असू द्या ना," नाना म्हणाले आणि भलतीकडेच बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "तिनं घातली आहे. डाव्या हातानं. कुंकूसुद्धा तिनंच लावलं."

कॅबिनेटवर कुंकवाचा एक वेडावाकडा फराटा होता. झटक्यानंतर अक्कांनी आपल्या हातानं केलेलं ते पहिलं काम. कामाच्या वस्तूंची पूजा म्हणून नानांनी दसऱ्याला पीसी पाटावर मांडला होता, आणि अक्का भिंतीला धरून उठल्या होत्या. त्यानंतर नानांनी त्या कॅबिनेटला फडकं लागू दिलं नव्हतं. गेममधलं गवत, झाडं, माणसं सगळं काढून पाहिलं, पण ही माळ काढायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. मला त्यांना रागवायचं होतं, पण मी सांजोऱ्यांचं ताट तसंच हातात धरून उभी राहिले.

माळ काढायचं नानांच्यानं होईना. शेवटी अक्कांनीच डावा हात लांबवून ती ओढली. दोरा तुटला, पाकळ्यांचा चुरा सगळीकडे झाला. नानांनी बाजूची झडप उघडली. आत, पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक कार्डाच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, वर आपट्याचं एक अख्खं पान. पंखा बिचारा फिरणार कसा? पारोळ्यापर्यंत कार्ड तापायचं आणि धुळ्यात मान टाकायचं. नानांनी दाढीच्या जुन्या ब्रशनं एकेक पाकळी काढली. सगळं कॅबिनेट लख्ख पुसलं, आणि कुंकवाच्या फराट्याच्या कडेनं फडकं वळवून घेतलं.

आखाजीच्या दिवशी चार वाजता आम्ही दोघंही गेलो. अक्का हिरवी साडी नेसून तयार होत्या. नानांनीही बनियनवर शर्ट चढवला होता, बटणं मात्र लावलेली नव्हती. आम्हाला मागे खुर्च्या दिल्या आणि गाडी निघाली. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पवनचक्क्यांचं पारोळा गेलं. धुळे आलं. इमारती, सिग्नल, गाड्यांची गर्दी, आणि बस लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. नानांचे ताठलेले खांदे सैल झाले. त्यांनी विजयानं अक्कांकडे पाहिलं.

अक्कांनी डोळे मिटले होते. डावा हात वर केला होता आणि तो हलत होता.

"काय झालं? अटकली का?" नाना घाबरून आमच्याकडे वळले. "ताई, नाही ना अटकली?"

"नाही हो. अजिबात नाही."

मिटल्या डोळ्यांनी शब्द शोधत असल्यासारखे अक्कांचे ओठ हलत होते. "थ... थ..."

मला असं बघवत नाही. कुणाचा शब्द अडला की मी पुढे होऊन देते, शाळेत शिकवताना पोरांनाही देते. "थकलात का अक्का? थंड पाणी आणू?"

नानांनी माझ्याकडे न बघता हात आडवा धरला. गप्प, म्हणून. आणि ते थांबले. पडद्यावर बस लाल सिग्नलला उभी होती, तो हिरवा झाला, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, नाना अक्कांच्या तोंडाकडे बघत बसले होते. लग्नाच्या व्हिडिओतली गळालेली फ्रेम ज्याला खपत नाही, तो माणूस अख्खं जग भोंगे मारत असताना एका शब्दाची वाट बघत होता. चेहऱ्यावर घाई नव्हती. मदत करायची हौसही नव्हती. मला तिथून उठून जावंसं वाटलं, इतकं ते दोघांचंच होतं.

"थांबा," अक्का म्हणाल्या.

नानांनी बस कडेला घेतली.

"च... चहा."

"तुले चहा पाहिजे?"

अक्कांनी मान हलवली. नाही. डाव्या हाताचं बोट नानांच्या छातीवर टेकवलं. पुन्हा ओठ हलले, पुन्हा आम्ही सगळे थांबलो.

"दमी... गयात. तुम्ही."

नाना पडद्याकडे बघत, आमच्याकडे न वळताच बोलायला लागले. शिरपूरला जाताना एस.टी.त जागा मिळाली तर ती अक्कांना, नाना धुळ्यापर्यंत उभे. धुळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली की अक्का त्यांना आपल्या जागेवरूनच हात करायच्या, उतरा, चहा घ्या म्हणून. दर वर्षी.

"इतके दिवस ही तेच सांगून राहिली होती," नाना म्हणाले, "आणि मी दर वेळी बंदच करून टाकायचो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग उठून स्वयंपाकघरात गेले. आत भांड्यांचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला. अक्का दाराकडे बघत होत्या. पडद्यावर परक्या धुळ्यात बस कडेला उभी होती, इंजिन चालू होतं.

चहा आला. नानांनी बशीत ओतून पहिला घोट घेतला तेव्हा कुठे अक्कांनी आपला कप ओठाला लावू दिला.

"आता शिरपूर ना?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"जाऊ ना," नाना म्हणाले. "चहा तर होऊ द्या. घाई कोणले शे?"

त्यांच्या बनियनवर चहा सांडला होता. अक्का डाव्या हातानं पदराचं टोक धरून तो पुसत होत्या.