दगडूचे सात शब्द

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता की नव्हता ते मला नक्की सांगता येणार नाही. पण इंग्लिश मीडियमची शाळा होती. ती उंबराखाली भरायची आणि साळुंकी मॅडम ती चालवायच्या.

त्याच जंगलात ठकू नावाची उंदरीण राहायची. सातवीपर्यंत शिकलेली. आठवीचा वर्ग ओढ्यापलीकडे होता आणि ओढ्यापलीकडे रानमांजर होतं, म्हणून शिक्षण राहिलं ते राहिलंच. तिची आधीची पोरं कुणाकुणाच्या तोंडी गेली होती. हे शेवटचं हाती लागलं, त्याचं नाव तिनं दगडू ठेवलं. दगडाला कोण खातंय?

खाणाऱ्यांची भीती तर तिला होतीच. पण सध्या त्याहून मोठी भीती सोमवारची होती. सोमवारी परीक्षा होती.

साळुंकी मॅडमची शिकवायची रीत अशी, की शब्द अक्षरं बघून घ्यायचे. या आठवड्यात एस आणि एन. ही दोन अक्षरं सुरुवातीला जोडीनं येतात असे सात शब्द, अर्थासकट. स्नॅक म्हणजे खाऊ, स्नेल म्हणजे गोगलगाय, स्नीझ म्हणजे शिंक, स्नोर म्हणजे घोरणं, स्नो म्हणजे बर्फ, स्नॅच म्हणजे हिसकावणं आणि स्नेक म्हणजे साप. मधलाच शब्द विचारायचा नाही, मधूनच सांगायचाही नाही. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. सातही आले तर वरचा वर्ग. नाही आले तर बेडकांच्या वर्गात. तिथं दोन वर्षं झाली, अजून एकच अक्षर चाललं होतं.

पालकांच्या मीटिंगमध्ये मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं. घरातसुद्धा इंग्रजीच ठेवा.

आता उंदरांच्या बोलीत एक फार कामाचा शब्द आहे. चीं. कुणी चीं म्हटलं, की ऐकणारा प्रत्येक उंदीर आधी बिळात शिरतो आणि मग विचारतो, काय झालं. पण ठकूनं दगडूला बजावलं, की यापुढे चीं बंद. चारचौघांत गावंढळ दिसतं. काहीही झालं तरी जे सांगायचं ते इंग्रजीतच सांगायचं.

रविवारी दुपारी ठकू बिळात दाणे निवडत बसली होती. दगडू दारात होता. पाठ झाल्याशिवाय जेवण नाही, असं तिनं सांगितलं होतं, कारण पोट भरलं की हा पेंगतो.

इतक्यात बाहेरून त्याचा आवाज आला. स्नॅक म्हणजे खाऊ, स्नेल म्हणजे गोगलगाय.

ठकूला बरं वाटलं. न सांगता बसला की पोर. आवाज जरा कापत होता, पण परीक्षा म्हटली की कापणारच. स्नोला येऊन तो अडकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा स्नोलाच अडकला. तिसऱ्या वेळी तर असा भरभर म्हणायला लागला, की ठकूनं जागच्या जागी त्याची दृष्ट काढली.

तेवढ्यात दुसराच एक आवाज आला.

"सावकाश रे बाळा. घोरण्याच्या नंतर काय म्हणालास?"

ठकूनं डोकं बाहेर काढलं. दारासमोर धामण वेटोळं घालून बसली होती. दगडू तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभा होता आणि सातव्या शब्दाकडे जिवाच्या आकांतानं निघाला होता. शेवटी तो तिथं पोचला.

"स्नेक म्हणजे साप," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

"अगंबाई, परीक्षेत आमचंही नाव आहे होय?" धामण म्हणाली. मग तिला ठकू दिसली. "तुम्ही दगडूच्या आई ना? मी लंबूची आई. एकाच वर्गात आहेत दोघं. आमचा मेला स्नोरला अडतो."

"आमचा स्नोला," ठकूच्या तोंडून निघून गेलं.

"बर्फ बघितलाय कुणी इथं?"

"नाही तर काय."

मग धामणीनं मनातलं सांगितलं. पोराला जेवू घालावं आणि मग पाठांतराला बसवावं, म्हणून ती बाहेर पडली होती. जेवणच शोधत होती. हे सांगताना तिची नजर दगडूवर होती, आणि ती नजर आता वर्गमित्राच्या आईची राहिली नव्हती. नुसतीच आईची होती.

दगडूला ओढून आत न्यायला वेळ नव्हता. पण काळजीनं पोखरलेल्या बाईकडे एक गोष्ट नेहमी तयार असते. सल्ला.

"जेवून पाठांतर?" ती म्हणाली. "लंबूच्या आई, भरल्या पोटी इंग्रजी राहतं का कुठं? आमच्या दगडूला सकाळपासून दाणा दिला नाही. बघा, म्हणाला की नाही सातही."

धामण विचारात पडली. "म्हणजे उपास?"

"परीक्षेपर्यंत. आणि आईनंही धरावा लागतो. मी धरलाय."

"बाई, हे मॅडमनी सांगितलंच नाही," धामण म्हणाली. लंबूला आता काही गिळू देत नाही, असं पुटपुटत ती घाईघाईनं घरी गेली. त्या दिवशी आसपासच्या बिळांतले एकूण चाळीस उंदीर जिवंत राहिले. त्यांना त्याचं कारण कधीच कळलं नाही.

ठकूनं दगडूला पोटाशी धरलं. मग तिनं विचारलं, "अरे, चीं का नाही म्हणालास?"

"तूच म्हणालीस, इंग्रजीतच सांगायचं. मी तिला बघितलं तेव्हाच सांगायला लागलो होतो. पण स्नेक सातवा आहे ना."

ठकूला भडभडून आलं. तिनं त्याला शपथ घातली, की इथून पुढे काही दिसलं की आधी चीं. दगडूनं मान डोलावली. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि उन्हाकडे बघितलं. दिवस अजून बराच शिल्लक होता.

"बरं," ती म्हणाली, "आता स्नोपासून म्हण."

"मधूनच नाही घेता येत," दगडू म्हणाला. "पहिल्यापासून."

तात्पर्य: संकटात आपली बोली कामाला येते, असं जुनी माणसं सांगायची. त्यांच्या काळी ते खरं असेल. हल्ली संकटालाही एक मूल असतं आणि त्याचीही सोमवारी परीक्षा असते. तेव्हा बाळांनो, ओरडत बसू नका. पाठ करा.