ओव्हनच्या मागे काही नाही

मी बायकोला एवढंच म्हणालो, "आप्पांना फोन करू नकोस, मी बघतो." यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी आमच्या घराचं आजवर जेवढं नुकसान केलंय, तेवढं उंदरांनीही केलं नसेल.

आप्पा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं कारखान्यातला बॉयलर सांभाळून रिटायर झालेले. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, पण या माणसाने माझ्या हातात अजून साधा स्क्रूड्रायव्हर दिलेला नाही. बल्ब बदलायचा असला तरी म्हणतात, "जावईबापू, तुम्ही बसा." (ऐकणाऱ्याला हा मान वाटतो. मला माहीत आहे तो कसला मान ते.) त्या दिवशी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. पाच वाजता माणसं येणार, केक घरीच व्हायचा, आणि सकाळी अकरा वाजता ओव्हनने किंचाळून पडद्यावर 'ई ३' दाखवलं. आप्पा यायच्या आत मी तो दुरुस्त केला असता, तर माझं बारा वर्षांचं बसणं एकदाचं संपलं असतं.

"ई तीन म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं. तिच्या हातात घोटलेल्या मिश्रणाचं भांडं होतं.

"सेन्सर," मी म्हणालो. (कुठल्याही यंत्राचं काहीही बिघडलं तरी मी सेन्सर म्हणतो. अजून कोणी हरकत घेतलेली नाही.)

मी ऑफिसात रेकॉर्ड सांभाळतो, त्यामुळे घरातला एक कागद इकडचा तिकडे होऊ देत नाही. ओव्हनची फाइल मी मिनिटभरात काढली. आत माहितीपुस्तक नव्हतं, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: 'मूळ प्रत यंत्राजवळ ठेवली आहे.' यंत्राजवळ म्हणजे नेमकं कुठे, ते लिहायचं राहून गेलं होतं. मी ओव्हनच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, दार उघडून आतही डोकावलो आणि भुवया भाजून घेतल्या.

तेवढ्यात आमची दहा वर्षांची मुलगी मोबाइल घेऊन आली. "बाबा, ई तीन म्हणजे ओव्हन जास्त तापलाय. मागची हवेची जाळी बंद झाली असेल."

"मागे काही नाही."

"बघितलंस?"

"बघितलं."

खरं तर बघितलं नव्हतं. पण आमच्या ऑफिसात कागद न उघडताच त्यावर 'पाहिले, बरोबर आहे' असा शेरा मारायची पद्धत आहे. वीस वर्षांत ती सवय माझ्या जिभेलाही लागली.

तापलाय ना, मग थंड करू, असा मी सरळ हिशेब केला. टेबल फॅन आणून ओव्हनसमोर ठेवला आणि पाचवर सोडला. ओव्हनच्या शेजारी चाळलेल्या मैद्याची परात होती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बायको दिसेनाशी झाली होती. पांढऱ्या ढगातून फक्त तिचा आवाज आला. त्यात माझ्या माहेरच्या, चुकलो, तिच्या सासरच्या सगळ्यांचा उल्लेख होता.

मग मी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. "सर, ओव्हनच्या मागे चार बोटं मोकळी जागा आहे का?"

"पाहिले, बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग बंद करून थंड होऊ द्या आणि पुन्हा लावा."

पुन्हा लावला. दहा मिनिटांनी पुन्हा किंचाळला. असं चार वेळा झालं. पहिल्या केकचा मध्य खचून त्याची वाटी झाली. दोन वाजता बेल वाजली. दारात आप्पा. मी फोन केला नव्हता. डोळ्यांतला मैदा निघाल्याबरोबर बायकोने केला होता.

आप्पांनी ओव्हनच्या अंगाला हात लावून पाहिला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. "मागे बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो. मायलेकी छताकडे बघू लागल्या.

आप्पांनी पिशवीतून टॉर्च काढली आणि माझ्या हातात दिली. "धरा." बारा वर्षांत पहिलं अवजार! माझा ऊर भरून आला.

"माझ्या डोळ्यांवर नको. मागे धरा."

त्यांनी ओव्हन पुढे ओढला. मागच्या जाळीवर, ओव्हनच्या आतल्या पंख्याने ओढून घट्ट चिकटवून घेतलेलं, माहितीपुस्तक होतं. प्लॅस्टिकचं कव्हर वितळलेलं, कडा करपलेल्या. वर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'महत्त्वाचे. जागेवरून हलवू नये.'

आप्पांनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "यंत्राच्या मागे कोणतीही वस्तू ठेवू नये." मग पानावर बोट ठेवून म्हणाले, "खाली लाल रेघ मारलीय. कोणी?"

"मी."

"सरळ आलीय."

मला इतकी लाज वाटली की त्या ओव्हनच्या मागे जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण आता तिथे काही ठेवायचं नव्हतं. दुसरा केक साडेचारला फुलून वर आला. माणसं आली, खाऊन गेली, सगळ्यांनी बायकोचं कौतुक केलं.

निघताना आप्पा बूट घालता घालता माझ्याकडे बघून चक्क हसले. "जावईबापू, खरं सांगू? रिटायर झाल्यापासून हाताला काम नव्हतं. घरात नुसता बसून कंटाळलो होतो. आजचा वाढदिवस झकास झाला." मी सुखावलो. "बरं, घरात आणखी कशाकशाला हात लावलाय तुम्ही?"

"छे, फारसं काही नाही," मी म्हणालो.

मुलगी बोटांवर मोजायला लागली. एक हात संपला. दुसरा संपला. तिने पायांकडे बघितलं, तेव्हा आप्पांनी घातलेला बूट पुन्हा काढला आणि बायकोला म्हणाले, "गादी घाल गं माझी. आठवडाभर राहतो."