साळवेभाऊंचा शत्रू

आमच्या शेजारच्या खोलीत साळवेभाऊ राहायचे, आणि त्यांना एक शत्रू पाहिजे होता.

हे मला कळलं ते नळावर. लग्न होऊन पिंपरीला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. पहाटेचं धुकं नदीकडून वर यायचं आणि आमची पत्र्याच्या खोल्यांची लाइन, समोरचा कडुनिंब, नळाभोवतीच्या बायका, सगळं अर्धवट पुसल्यासारखं दिसायचं. त्या धुक्यातून एक उंच, काटकुळा माणूस बादली घेऊन आला, अदबीनं "सलाम वहिनी" म्हणाला आणि थोडा घुटमळला.

"एक विचारू का? माझा कधी राग येतो का तुम्हाला?"

"नाही हो भाऊ."

"थोडासुद्धा न्हाई?"

"थोडासुद्धा नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाले, आणि बादली भरून निघून गेले. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या सगळ्यांना त्यांचं आधीच विचारून झालं होतं.

त्यांचं नाव शमुवेल. नगरकडचे, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेले. आमच्या लाइनीत हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, त्यामुळे ते शामूअण्णा झाले, सामराव झाले, एका म्हातारीसाठी तर चक्क शामसुंदर झाले. ते सगळ्या नावांना ओ द्यायचे. रेल्वेच्या पलीकडे औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता, तिथे बाटल्या भरायची लाकडी खोकी करण्याच्या कामावर होते. पन्नाशीला आलेले, एकटे. अंगाला ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास यायचा. कारखान्याकडून वारा सुटला की आंबलेल्या पिठासारखा एक वास सगळीकडे पसरायचा, त्यात भाऊंचा हा लाकडाचा वास वेगळा कळायचा. अजूनही कुठे कोवळी लाकडं तासताना वास आला, तर मला आधी ते आठवतात आणि मग ते दिवस.

भाऊंची अडचण अशी होती, की ते शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे. वाचतात बरेच जण. पण भाऊ एक ओळ वाचायचे आणि थांबायचे. ती करून झाल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही, असा त्यांचा नेम.

"पुढचं वाचत का नाही?" मी एकदा विचारलं.

"कसं वाचू? वाचलं की करावं लागतं." हे ते अगदी काळजीनं म्हणाले, आजारी माणूस पथ्य सांगतो तसं.

कुणी एक मैल चल म्हटलं तर आपण दोन मैल जावं, अशी एक ओळ होती. तिच्यावर भाऊ होते त्या दिवसांत मोशीच्या एका माणसानं स्टेशनवर उतरून मोशीपर्यंत कुणाची सोबत आहे का, असं त्यांना विचारलं. भाऊ म्हणाले, मीच येतो. उन्हं कलताना दोघं मोशीला पोचले. तो माणूस हात जोडून घराकडे वळणार, तर भाऊ म्हणाले, "पाव्हणं, हे तर अर्धंच झालं." आणि मोशीच्या दुप्पट म्हणजे चाकण. भाऊ इतक्या आर्जवानं बोलायचे, की त्या बिचाऱ्याला नाही म्हणता आलं नाही. स्वतःचं घर मागे टाकून, इंद्रायणी ओलांडून, कुरुळीवरून तो चाकणपर्यंत चालत गेला. दोघं कांद्याच्या वखारीत झोपले आणि सकाळी बैलगाडीनं परतले. या माणसानं तरी वैर धरायला हरकत नव्हती. पण तो त्यानंतर बाजाराला आला की भाऊंसाठी कांदे घेऊन यायचा.

उजव्या हातानं केलेलं डाव्याला कळू नये, ही ओळ आली तेव्हा लाइनीतल्या सगळ्यांचं अंगण पहाटे कोण झाडतं, हे कुणाला कळेनासं झालं. म्हणजे भाऊंना तसं वाटत होतं. आम्ही खिडकीतून पाहत असायचो. डावा हात सदऱ्याच्या खिशात खोल घातलेला आणि उजव्या हातात खराटा. एका हातानं झाडताना ते तिरपे व्हायचे आणि सगळा कचरा आमच्या दाराशी जमायचा.

असं चाललं होतं, आणि मग शत्रूवर प्रेम करा ही ओळ आली. भाऊ तिथे अडकले.

पुण्याहून त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा आले होते. भाऊंनी त्यांच्यापुढे ही अडचण मांडली. साहेब सायकलीच्या क्लिपा काढता काढता म्हणाले, "साळवे, सगळं इतकं शब्दशः घ्यायचं नसतं."

"मग कितपत घ्यायचं, साहेब?"

साहेबांनी चहा संपवला, आणि हवा फार छान आहे इकडची, असं म्हणून ते गेले.

शेवटी भाऊ हुसेनभाईंकडे गेले. स्टेशनच्या रस्त्यावर हुसेनभाईंचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि ते तापट म्हणून प्रसिद्ध होते. भाऊ म्हणाले, "भाई, तुम्ही माझ्याशी वैर धराल का?"

हुसेनभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आज नको, भाऊ. फार कामं पडलीत. बसा, चहा सांगतो."

त्या दिवाळीनंतर दामोदरपंत आले.

टोकाची खोली त्यांनी घेतली. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, निवृत्त झाले, आणि कोरडी हवा मानवेल म्हणून इकडे आले. सोबत काकू. काकू शांत, सतत काहीतरी निवडत बसलेल्या. पंतांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ते चालायचे कमी आणि बोलायचे फार. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते नळावर उभे होते. भाऊंनी बादली भरली, सलाम केला आणि बाजूला झाले. पंतांनी वाकून मूठभर राख घेतली आणि नळाची तोटी घासायला सुरुवात केली. दोनदा घासली, धुतली, मग आपली कळशी लावली.

धुक्यात तो तोटी घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

संध्याकाळी भाऊ आमच्या दारात आले. डोळे चमकत होते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "मिळाला."

माझे यजमान फार चिडले होते. "शिवाशिवीविरुद्ध आता कायदा झालाय, भाऊ. तक्रार करू. मालकाला सांगितलं तर खोली सोडावी लागेल त्यांना."

"तसं करू नका," भाऊ घाईनं म्हणाले. "ते गेले तर मी पुन्हा कुठं शोधू?"

आम्ही हसलो. पंत रोज तोटी घासत होते आणि भाऊ रोज प्रेम करायला लागले. पण जो माणूस तुमच्या हातचं काहीच घेत नाही, त्याच्यावर प्रेम करणार कसं? भाऊंनी गुडघे दुखू नयेत म्हणून एक उंच, ऐसपैस पाट करून त्यांच्या दाराशी ठेवला. तो उन्हात पडून राहिला आणि त्यावर मांजर झोपायला लागलं. पेरू ठेवले, ते खारींनी खाल्ले. मग भाऊंनी प्रार्थनेचा मार्ग धरला. पत्र्याच्या लाइनीत एका टोकाला सुस्कारा टाकला तर दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. दिवेलागणीला भाऊंचा घोगरा आवाज सगळ्या खोल्यांतून फिरायचा, "प्रभू, दामोदरपंतांच्या गुडघ्याला आराम दे."

तिसऱ्या दिवशी पंत बाहेर आले. "साळवे, माझ्या गुडघ्याचं नाव तुमच्या देवापुढे घ्यायचं नाही. बजावून ठेवतो."

भाऊंनी मान्य केलं. त्या दिवसापासून प्रार्थना अशी व्हायला लागली, "प्रभू, त्या सद्गृहस्थांच्या त्या अवयवाला आराम दे."

काकूंना हसू आवरत नसे. मी पाहिलंय. निवडायचं ताट पुढे घेऊन त्या खाली मान घालून गदगदायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "या माणसाला राग येत नाही का गं?"

"त्यांना आनंद होतो, काकू."

काकूंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुला असं वाटतं?" म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

त्या चैत्रात काकू गेल्या. दुपारी छातीत कळ आली, दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. साताऱ्याहून मुलगा येईपर्यंत पंत भिंतीला टेकून बसून होते. पुरुषमाणसं जमली तेव्हा कडुनिंबाखाली तिरडीसाठी बांबू आणि कामट्या नीट तासून, मापात कापून ठेवलेल्या होत्या. त्या कुठून आल्या हे कुणी विचारलं नाही, पंतांनीही नाही. सगळे पवनेच्या घाटाकडे निघाले तेव्हा भाऊ मागे राहिले. पुष्कळ मागे, कुणाला अडचण होणार नाही इतके मागे, अनवाणी चालत गेले.

दिवसकार्य उरकून मुलगा नोकरीवर परतला. पंतांना त्यानं खूप आग्रह केला, पण ते हलले नाहीत. मी तेव्हा माहेरी गेले होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. पावसाळ्याआधी पंत अखेर मुलाकडे गेले. काकूंच्या मागे ते इथे होते तोवर नळ घासणं थांबलं होतं. त्यांचं मन बदललं की अंगात त्राण उरलं नव्हतं, ते मला सांगता यायचं नाही. जाताना टांगा उभा असताना ते भाऊंच्या दारासमोर थांबले, काठीनं उंबऱ्यावरचा पाचोळा बाजूला सारला आणि गेले. त्यानंतर बरेच दिवस भाऊ संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीच्या पायरीवर बसायचे.

पण मला आठवते ती मी माहेराहून परतले ती दुपार. उन्हानं सगळं पांढरं झालं होतं. लाइनीत सामसूम. पत्रे तडतडत होते आणि दूरची ज्वारीची मोकळी रानं पाण्यासारखी हलत होती. मी पिशव्या खाली ठेवते न ठेवते तोच भाऊ आले. कामावर गेलेच नव्हते.

"वहिनी, दमला असाल. पण एक काम करा. तुमच्या माठातलं पाणी पंतांना नेऊन द्या."

"का, त्यांच्याकडे नाही?"

"त्यांची कळशी कालपासनं उपडी आहे. नळावर आलेच न्हाईत. बायका विचारून गेल्या, तर काही नको म्हणाले. दार उघडं टाकून बसलेत. ओठ वाळलेत." ते थांबले. "माझ्या हातचं चालायचं न्हाई. तुमचं चालेल. माझं नाव नका काढू."

मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही खरंच प्रेम करता हो त्यांच्यावर."

भाऊंनी मान हलवली. "न्हाई, वहिनी. मला जमलं न्हाई." ते माझ्याकडे न पाहता, दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवत बोलत होते. "तुम्हाला वाटायचं, मला गंमत वाटते. पहिल्या दिवशी वाटली. नंतर रोज ते राख हातात घ्यायचे की मी बादली उचलून निघायचो. खोलीत जाऊन दार लावून बसायचो. प्रार्थना मोठ्यानं करायचो, कारण मनात म्हटली तर दुसरंच काहीतरी निघायचं."

मी माठावरचं झाकण काढलं.

"आमच्या गावात विहीर होती. आम्हाला वर चढायची मुभा नव्हती. आई घागर घेऊन खाली उभी राहायची. कुणी वरनं ओतलं तर पाणी. उन्हाळ्यात सगळी माणसं सावलीला गेलेली असायची, मग तिनं नुसतं उभं राहायचं. समोर पाणी, त्याचा गारवा अंगाला लागायचा, आणि ती उभी. मी तिच्या पदराला धरून असायचो. आम्ही पुढं चर्चमध्ये गेलो, शाळेत गेलो, पण ती गेली तेव्हापण तिच्या तोंडात पाणी उशिराच पडलं." त्यांचा अंगठा चौकटीवर थांबला. "दामोदरपंत मला आवडत न्हाईत, वहिनी. पण पाणी असून कुणी तहानलेलं बसलेलं मला बघवत न्हाई. द्या लवकर."

मी तांब्या भरला, पेला घेतला आणि गेले. पंत भिंतीला टेकून बसले होते. काकूंचं निवडायचं ताट कोपऱ्यात तसंच होतं, त्यात थोडे तांदूळ. मी पेला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

दारातून कडुनिंब दिसत होता. त्याच्या बुंध्याशी भाऊ उभे होते, आमच्याकडे पाठ करून, रानाकडे तोंड करून. पंतांना ते दिसत होते. पंत पुष्कळ वेळ त्या पाठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेला तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. दुसरा पेला त्यांनी स्वतः पुढे केला.

मी झाडाखाली आले तेव्हा भाऊ वळले नाहीत.

"प्याले?"

"प्याले. आणखी मागून प्याले."

ते हळूहळू बुंध्याला टेकून खाली बसले. इतके उंच भाऊ बसल्यावर अगदी लहान दिसले. वरून कडुनिंबाचा बारीक मोहर त्यांच्या केसांवर पडत होता.

"वहिनी, थोडं मलापण द्याल का?"

तांब्यात पाणी उरलं होतं. मी आतून स्वच्छ पेला घेऊन आले, भरला आणि त्यांच्यासमोर वाकले. भाऊंनी डोळे मिटले होते. त्यांनी दोन्ही हात जुळवले, ओंजळ केली आणि ती हनुवटीखाली धरली, वरून कुणीतरी ओतेल म्हणून. त्यांना ते कळलंही नव्हतं.

मी त्यांची ओंजळ सोडवली आणि पेला त्यांच्या हातात दिला.