तामोरे बाईंची मराठी

आमच्या शाळेत तामोरे बाई हजेरी घेतात तेव्हा मुलं "हजर" म्हणत नाहीत. काल रात्री काय जेवलो ते सांगतात.

"प्रणय?" "बोंबलाचं कालवण." "सानिया?" "खिचडी." "राजू?" "लिट्टी." नुसतं "हजर" म्हटलं की बाई गैरहजेरी लावतात. सोलापूरकडून बदली होऊन बोईसरच्या या शाळेत आलो, त्या पहिल्याच सकाळी हे कानावर पडलं आणि मी दारातच थबकलो. शाळेत आलोय की खानावळीत, तेच कळेना.

पुढे या बाईंनी मला इतके धक्के दिले की आता मोजणं सोडलंय. बाई इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरच्या. वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे कारभारीच. चाळीत त्या राहतात एकट्या, पण आवाज असा की वाटावं समोरच्या होडीला हाक मारतायत. केंद्रप्रमुख वर्गात आले तरी बाईंच्या तोंडी नवापूरचीच भाषा. "बसा सायेब, घाम पुसा आदी!" सायेब मुकाट्यानं बसतात आणि घामही पुसतात. मी शुद्ध भाषेचा माणूस. एकदा धीर करून म्हणालो, "बाई, वर्गात तरी प्रमाण मराठी बोला. मुलं तेच उचलतील."

"उचलू दे की," बाई म्हणाल्या. "तोंड तर उघडतील! तुमच्या वर्गात पोरा बोलतात काय कदी?"

मी खडूचा डबा उचलून माझ्या वर्गाकडं निघालो.

बाईंच्या चौथीत काजल नावाची मुलगी होती. बाप बिहारमधल्या छपऱ्याहून आलेला, कारखान्यात पाळीनं काम करणारा. आईही पॅकिंगला जायची. काजल वर्षभर शाळेत आली, पण तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीला तिचं नाव आलं की बाईच म्हणायच्या, "हिच्या तोंडाला आज पन कुलूप," आणि हजेरी मांडायच्या. शेवटी बाप शाळेत आला, मला म्हणाला, "मास्टर साहब, यहाँ की भाषा इसको नहीं आएगी. सरकारी परीक्षा में देख लेते हैं. कुछ नहीं बोली, तो घर पे रहेगी. छोटे भाई को सँभालेगी."

राज्यभर होणारी ती चाचणी पंधरवड्यावर आली होती. लेखी, शिवाय तोंडी. बैठकीत मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणून सुचवलं, "बाहेरची कच्ची मुलं त्या दिवशी घरी राहिली तर निकालाला बरं पडेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मीही डोलावली.

तामोरे बाई ताडकन उठल्या. "माज्या बापाच्या होडीवर एकदा एक नवा खलाशी व्हता. बंदर सोडल्यापासून ओकत पडला. जाळ्याला हात नाय लावला त्यानं. तरी बापानं त्याचा वाटा काढला. होडीत चढला त्याला वाटा! काजल होडीत हाय. ती परीक्षेला बसनार."

"पण ती एक शब्द बोलत नाही हो!"

"तुमी तिला कदी काय इचारलाव?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुढचा विषय घेतला.

चाचणीच्या दिवशी नेमकी बाईंची ड्यूटी दुसऱ्या शाळेत लागली. तोंडी घ्यायला पालघरहून एक मॅडम आल्या आणि त्यांच्या मदतीला मी. काजल आत आली, खाली मान घालून उभी राहिली. बाजाराचं चित्र समोर ठेवून मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बाळा, या चित्राविषयी काही वाक्यं सांग बरं."

काजल चित्राकडं बघत राहिली. मॅडमनी पेन उचललं. तेवढ्यात काजलनं चित्रातल्या भाजीवाल्यावर बोट ठेवलं.

"यो मेला लबाड हाय."

मॅडमच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"सडकी वांगी खाली लपवलीत, वर ताजी मांडलीत. ही बाई येडी हाय काय? बगून घेयाला नको? तुमी पन नका घेव, मॅडम. फसवल तुमाला!"

वर्षभराचं साठलेलं बाहेर पडत होतं. केळेवालीचा भाव, रिक्षातली दाटी, कोपऱ्यातल्या कुत्र्याची खरूज, काही म्हणून सुटलं नाही. तो चढा आवाज, ते कमरेवरचे हात, सगळं तामोरे बाईंचं!

"सर," मॅडम कशाबशा म्हणाल्या, "ही मूळची कुठली?"

"छपऱ्याची."

"काय सांगता! मग मी लिहू काय? हिला मराठी येते, की नाही?"

शुद्ध भाषेचा माणूस म्हणून हा प्रश्न मला विचारला जात होता. "येते," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा जास्त येते." मॅडम खो खो हसल्या आणि त्यांनी तसं लिहिलं.

संध्याकाळी काजलच्या बापाला घेऊन मी बाईंच्या खोलीवर गेलो. काजल आमच्या आधीच तिथं पोचली होती आणि लसूण सोलत बसली होती. तेव्हा मला उलगडा झाला. आईबाप कामावरून सुटेपर्यंत ती रोज इथंच असायची.

मी सगळी हकिकत सांगितली. बाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. बापानं हात जोडले. "बाईजी, आपने बहुत किया. अब स्कूल नहीं छुड़ाएँगे. शाम को भी आपको तकलीफ नहीं देंगे. ट्यूशन में डाल देंगे."

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. मला वाटलं, आता त्याची खरडपट्टी निघणार. पण बाईंचा आवाज इतका खाली आला की मी चपापलो.

"नको रे भाऊ. विंग्रजी शालेतला नातू फोनवर म्हनते, आजी, तू काय बोलते ते मला कलत नाय. माजा मानूस गेला, नवापूरचा घर बंद हाय. माज्याशी माजी भाषा बोलाला यीच एक पोर हाय."

बापाला काही उमगलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हिंदी शब्द जुळवायला लागलो. काजलनं हातातला लसूण खाली ठेवला.

"पापा," ती म्हणाली, "बाई को अकेले अच्छा नहीं लगता. मैं रोज आऊँगी."