कारल्याच्या रसाला मुंग्या

बाबांच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी औषध बाबांना दिलं आणि पथ्य मला! पण असं काही घडलेलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ.

तर, बाबांची साखर मी ताळ्यावर आणणार होतो. मी रोपवाटिकेत कुंड्यांना पाट्या लावतो, म्हणजे अर्ध्याअधिक वनस्पती मला चेहऱ्यानं ओळखतात. बाबा बस चालवतात. या तपासणीत साखर जास्त निघाली, तर त्यांना बसवरून उतरवून आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवणार होते. जन्मभर अख्खी बस हाकलेल्या माणसानं लोकांच्या विसरलेल्या छत्र्या राखायच्या! त्या खोलीवरून जाताना बाबा मानही वळवत नसत.

"घाबरू नका," मी जाहीर केलं. "कारल्यात अशी नैसर्गिक रसायनं असतात, की साखर त्यांना बघून रस्ता बदलते."

"सिद्ध झालंय का?" ताईनं विचारलं.

"संशोधन चालू आहे."

"कुठे?"

"सध्या आपल्या मिक्सरमध्ये."

गोळ्या चालूच राहतील, अशी आईची अट होती. मी ती उदार मनानं मान्य केली.

पहिला घोट घेतला आणि बाबांचा चेहरा चालत्या बसला रिव्हर्स गिअर पडावा तसा झाला.

"कसा आहे?"

"छान," बाबा म्हणाले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

आमच्या घराला एक खोड आहे. इथे तोंडावर कुणी कुणाला नाही म्हणत नाही. जे काय करायचं ते पाठीमागे, गुपचूप, प्रेमानं. ही गोष्ट मी साफ विसरलो, बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि कामावर गेलो.

काही दिवसांनी साखर मोजली. चढली होती!

"रसात दम कमी पडतोय," मी निदान केलं आणि कारली दुप्पट केली. साखर आणखी चढली. मी कारली तिप्पट केली. साखर तर जिने चढल्यासारखी धापा टाकत वर निघाली! पण नवल म्हणजे, बाबा आता रस मागून घेऊ लागले.

"अरे, आज जरा मोठा पेला दे."

"बघ ताई, शरीराला गुण कळतो!"

ताई पंख्याकडे बघत राहिली.

मग बाटलीला मुंग्या लागल्या. चांगली रांग, शिस्तीत! कीटकांनाही गुण कळतो, हे पाहून मला भरून आलं. पाठोपाठ शेजारचे टायरवाले काका घरचा पेला घेऊन हजर.

"वहिनी, ते कारल्याचं उरलंय का हो?"

"काका, कडू नाही लागत?"

"छे रे! मी तर पोळी बुडवून खाईन."

विज्ञान घरोघरी पोचत होतं. मी स्वतः मात्र एक थेंबही चाखला नव्हता. संशोधकानं तटस्थ राहायचं असतं.

तपासणीच्या दिवशी अख्खं घर बाबांबरोबर गेलं. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

"तुम्ही घेता तरी काय?"

"कारल्याचा अर्क!" मी छाती फुगवून बाटली पुढे केली.

डॉक्टरांनी चमचाभर चाखला. मग आणखी एक चमचा. मग बाटली नाइलाजानं खाली ठेवली.

"हा अर्क? अहो, हा पाक आहे!"

आईनं पदर सावरला. "मी आपला थोडा मध घालत होते. यांचं तोंड बघवेना. आणि मधही नैसर्गिकच ना?"

"आई, तू पण?" ताई किंचाळली. "मी रोज खजूर वाटून घालत होते!"

सगळे बाबांकडे वळले. बाबा भिंतीवरच्या आतड्याच्या चित्रात गुंतले होते.

"साखर," ते पुटपुटले. "पण चिमूटभरच. म्हणजे, मूठभर. पोरानं एवढ्या हौसेनं केलेलं, नको कसं म्हणायचं?"

डॉक्टर म्हणाले, "वनस्पतींमधल्या काही घटकांवर अभ्यास चालू आहे. थोडीफार मदत होतही असेल. पण गोळी, चालणं आणि जेवणावर ताबा, याला पर्याय नाही. रस बंद. पुढच्या तपासणीपर्यंत बसही बंद." मग त्यांनी माझं पथ्य लिहिलं: 'रुग्णाच्या मुलाने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये.' खाली सही. सहीवर शिक्का!

दुसऱ्या दिवशी बाबा आगारातल्या त्या खोलीत बसले. संध्याकाळी घरी आले आणि बराच वेळ बूट सोडत राहिले.

"काय होतं आज?" मी भीतभीत विचारलं.

"छत्र्या. आणि एक कवळी."

"मग?"

"दिवसभर समोरासमोर होतो. ती हसत होती."

सबब, निसर्गाच्या संबंधित विभागास या अर्जाद्वारे नम्र विनंती करण्यात येते, की गुणकारी वनस्पतींमधील कडूपणा तातडीने काढून घ्यावा व तो मध, खजूर आणि साखर यांच्यात समप्रमाणात वाटून द्यावा. अर्जदाराच्या वडिलांची फेरतपासणी पुढील महिन्यात असल्याने, कार्यवाही त्यापूर्वी व्हावी.