शीतकुपीच्या खिडकीची हकीकत

श्रीशीतळादेवी प्रसन्न. शके अठराशें नव्याण्णव, पिंगळनाम संवत्सरीं, डोंगरांपलीकडे एक राज्य होतें, त्याचें नांव आम्हांस कोणी सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारिलें नाहीं. त्या राज्याची सारी दौलत म्हणजे एक कुपी. तिजभोवतीं दुसरी, दुसरीभोवतीं तिसरी, आणि सर्वांच्या पोटीं हेलियम वायूचे दोन जातींचे रस, एक जड व एक हलका, एकत्र नांदत होते. वायू इतका गार केला कीं बापडा पाण्यासारखा पातळ जाहला. उष्मा हाच राज्याचा एकला शत्रू, म्हणून कुपीपाशीं जाणारानें आधीं हात थंड पाण्यांत बुडवावे आणि श्वास शेल्याआड सोडावा, ऐसा रिवाज होता.

राज्याचे धनी रंगोजी महाराज. यांणीं उभा जन्म कुपी राखिली, परंतु आंत कधीं पाहिलें नाहीं, कारण कुपीस खिडकीच नव्हती. शास्त्रीमंडळी म्हणत, इतक्या थंडींत सारें निजलेलें असतें. महाराज म्हणत, तळाशीं किंचित ऊब द्यावी, मग ऊन रस वर चढेल आणि गार रस खालीं उतरेल आणि त्या येरझाऱ्यांची नक्षी उमटेल. कोणी मानीना. पुढें महाराजांचे डोळे अधू जाहले आणि वैद्य बोलिले कीं हिंवाळा सरेतों दृष्टि राहील. तेव्हां कन्या मैनासाहेब यांणीं तिन्ही कुप्यांस कांचेची खिडकी बसविली, आणि एका अंगास दिवा व दुसऱ्या अंगास पांढरा पट मांडिला. रसांतून जातां प्रकाश वांकतो, मग पटावर ऊन भाग काळा आणि गार भाग उजळ पडावा, ऐसी युक्ति. दरबार भरला. दिवाण विसाजीपंत यांणीं महाराजांस नीट दिसावें म्हणून मायेनें वात चढविली, आणि पटावर फुलें फुलों लागलीं, एक मिटे तों दुसरें उमले, आणि महाराज पाहतां पाहतां हसले आणि डोळे पुसूं लागले, आणि नौबत झडली. परंतु मैनासाहेबांचा चेहरा उतरला, कारण तळाची ऊब अद्याप कोणी दिलीच नव्हती.

मग त्या जवळ येऊन बोलिल्या, "आबा, हीं फुलें कुपीचीं नव्हेत. चढविल्या वातीच्या उष्म्यानें उठलीं. वात उतरवून तळाशीं ऊब दिली तर खरीं दिसतील, पण इतकीं फिकीं कीं आपल्या दृष्टीस पडायचीं नाहींत."

विसाजीपंत हळूच म्हणाले, "बाईसाहेब, महाराज हसले आहेत. राहूं द्यावें."

महाराज म्हणाले, "वात उतरवा पंत. जन्मभर शत्रू बाहेर ठेविला, आतां आमच्या डोळ्यांसाठीं आंत घ्यावा काय?"

वात उतरविली आणि तळाशीं ऊब दिली. हळूहळू पटावर मधाच्या पोळ्यासारखीं फिकीं घरें उमटलीं आणि संथ सरकों लागलीं, आणि दरबार माना पुढें करून पाहूं लागला. महाराजांस मात्र करडा पट दिसला. तेव्हां मैनासाहेबांनीं त्यांचा तळहात हातीं घेतला आणि बोटानें रेखीत गेल्या. "इथें चढतें. इथें उतरतें."

महाराजांनीं डोळे मिटिले. "फार हळू चालतें गं."

"होय आबा."

"म्हणजे निजलें नव्हतें."

ऐसें वर्तमान जाहलें. हिंवाळ्यासवें महाराजांची दृष्टि गेली. त्या राज्यांत अद्याप मंदच दिवा लावितात, आणि जो पाहतो तो शेजारच्याच्या तळहातावर रेखून दाखवितो. बोटें मात्र गार असतात.